मुकी जोडी

बायको चुकीचं खेळायला लागली आहे, अशी तक्रार सुकुमार मगदूमनं तिसऱ्यांदा केली, तेव्हा खेळाच्या कंपनीनं कोल्हापूरहून एक मुलगी पाठवली. ओवी टोणपे तिचं नाव. पंचविशीची असेल. हातात अवजार काही नाही, नुसती एक काचेची पाटी. सुकुमार जन्मभर जॉबर, माग दुरुस्त करणारा. मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे पाना नसेल तर त्याचा विश्वास बसत नसे.

"काय तक्रार आहे, काका?"

"तुमी लोकांनी राजमतीत कायतरी बदल केलाय."

"राजमती म्हणजे?"

"माझी बायको. वारली. दोन वर्षं झाली माघात."

ओवीनं पाटीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "अच्छा. त्यांची छाया."

"तेच की."

ओवी खुर्चीत बसली. सुकुमारनं तिला पाणी आणून दिलं आणि स्वतः उंबऱ्यात बसला. बाहेर उजेड होता, गल्ली शांत होती. इचलकरंजी आताशा शांतच असते. पूर्वी या गल्लीत दिवसरात्र साधे माग धडधडत, आणि कानाला तोंड लावलं तरी शब्द ऐकू येत नसे. सुकुमार माग दुरुस्त करायचा आणि राजमती त्याच शेडमध्ये कांडी मशीनवर सूत गुंडाळायची. वीस वर्षं नवराबायको दिवसभर हातवाऱ्यांवर बोलले. दोन बोटं कपाळाला लावली की चहा. तळवा पालथा केला की मालक आला. मग आपोआप चालणारे माग आले. साठ मागांवर एक माणूस आणि एक पडदा. तासात दोनदा सुताची तार तुटल्याची घंटा वाजणार, बाकी वेळ नुसतं बसायचं. बसून बसून सगळं गाव 'गडकोट' खेळायला लागलं.

गडकोट हा पानांचा खेळ, पण पडद्यावरचा. पानांच्या पुड्या विकत घ्यायच्या, फोडायच्या, नको ती पानं दुसऱ्याला देऊन हवी ती घ्यायची आणि आपली चळत जमवायची. प्रत्येकाला एक गड आणि गडाला तीस चिरे. समोरच्याचे तीस चिरे पाडले की डाव जिंकला. तोफेचं पान टाकलं तर मोठा मार बसतो, पण हल्ला करणाऱ्याचा दरवाजा त्या फेरीपुरता उघडा राहतो, आणि उघड्या दरवाज्यावर मार दुप्पट. तो अडवायला बुरूज नावाचं साधंसं पान असतं. समोरचा मारायला आला की मधेच टाकता येईल असं तेवढं एकच पान.

या खेळाचा सर्वांत अवघड प्रकार म्हणजे मुकी जोडी. दोन जोडीदार, गड एक, चळत एक, पण हातातली पानं वेगळी. एकाला दुसऱ्याची दिसत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या खोक्यात बसायचं, मधे प्लायवूड, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. जोडीदारानं काय टाकलं आणि टाकायला किती वेळ घेतला, एवढ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं. बाकीच्या गावांना हा प्रकार जड गेला. इचलकरंजीतल्या मागवाल्यांना नाही. इम्तियाज मुल्लानं आपले आठ माग भंगारात घालून त्या शेडमध्ये खेळाचा हॉल काढला, आणि पहिल्याच वर्षी मगदूम जोडी अ गटात गेली.

सुकुमार तोफवाला. समोरून मार बसला की उसळायचा आणि असेल नसेल ती तोफ डागायचा. हॉलमध्ये लोक त्याला 'मगदूमची तोफ' म्हणत. राजमती सावकाश. तिच्याकडे पाळी गेली की मध्येच पाच-सहा सेकंद काहीच व्हायचं नाही. सुकुमार प्लायवूडवर बुक्की मारायचा, "राजमती, झोपलीस काय?" हॉल हसायचा. पंच नियमावर बोट ठेवायचा, तेवढ्यापुरतंच. घरी जाताना तो तिला समजावून सांगायचा. "बुरूज कवटाळून बसतीस तू. तोफ टाकली असतीस तर दोन फेऱ्यांत संपलं असतं. इतकं भिऊन कसं चालंल?"

"बरं, चुकलं माझं," राजमती म्हणायची.

फुप्फुसाच्या आजारानं ती गेली. तिच्या मागं कंपनीनं सुकुमारला विचारलं, छाया ठेवायची का?

छाया म्हणजे काय, हे त्याला त्या वेळी फोनवर समजावून सांगितलं होतं, आणि त्यातलं कामापुरतं त्याला समजलं होतं. राजमतीनं आयुष्यात गडकोटचे तेरा हजार डाव खेळले. कुठलं पान हातात असताना कुठलं टाकलं, किती थांबून टाकलं, काय राखून ठेवलं, हे सगळं कंपनीकडे नोंदलेलं. ते यंत्राला शिकवलं की यंत्र तिच्यासारखं खेळतं. बोलत नाही, दिसत नाही, कुणाला ओळखत नाही. पण पडद्यावर तिच्या बाजूनं पान पडतं ते तीच टाकेल तसं, आणि तितकंच थांबून.

छायेचे दोन प्रकार होते. एक शिकती. ती खेळता खेळता सुधारत जाते, नवी पानं शिकते, चुका सोडते. दुसरी गोठवलेली. माणूस गेला त्या दिवशी जशी होती तशीच राहते. सुकुमारनं गोठवलेली घेतली. त्याला सुधारलेली नको होती.

पण गोठवलेली छाया कंपनीला महाग पडे, म्हणून ती फक्त अ गटातल्या जोड्यांना मिळे. जोडी खालच्या गटात घसरली की छाया शिकती करायची, नाहीतर बंद. शिवाय दर हंगामात पानांचा सर्वांत जुना संच खेळातून बाद होई. लोक म्हणत, संच पेन्शनीत गेला. राजमतीला ठाऊक असलेल्या संचांपैकी आता दोनच उरले होते. नवी पानं तिच्या छायेच्या हातात आली की ती तशीच पडून राहत. हे सुकुमारला कळत होतं. एक-दोन वर्षांत तिच्या ओळखीचं एकही पान खेळात राहणार नव्हतं. पण तोवर रविवार होते. दर रविवारी दुपारी चार वाजता पलीकडच्या खोक्यातून तिची पानं पडत होती.

आणि गेले पाच रविवार ते ओळीनं हरले होते. येत्या रविवारी हरले की ब गट.

"मी तपासलं, काका," ओवी म्हणाली. "छायेत काडीचाही बदल नाही. पहिल्या दिवशी होती तशीच आहे."

"मग ती हल्ल्याला यायची तिथं का येत न्हाई? तोफ हातात असून टाकत न्हाई. मला कळतंय की."

"त्या हल्ल्याला कधी यायच्या?"

सुकुमार उंबऱ्यातून उठून तिच्याजवळ आला.

ओवीनं पाटी त्याच्यासमोर धरली. "हे बघा. जोडीदार पुढं काय करील याचा अंदाज छाया प्रत्येक फेरीत बांधत असते. मुक्या जोडीत तेच मुख्य. हा तुमच्या मिसेस असतानाचा डाव. समोरून मार बसला. आता त्यांचा अंदाज काय? जोडीदार लगेच तोफ टाकणार. शंभरात एक्याण्णव."

"बरोबर हाय. टाकायचोच मी."

"दरवाजा उघडा पडायचा तुमचा."

"पडायचा. पण जिंकायचो की."

"कारण प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूनं बुरूज पडायचा. हे बघा. हे बघा. हेही." ती पाटी सरकवत गेली. "मी तुमचे चारशे डाव बघितले. त्यांनी बुरूज स्वतःच्या खेळासाठी कधी राखलाच नाही. तुमच्या तोफेसाठी राखला. त्या पाच-सहा सेकंद थांबायच्या ना, त्या वेळात समोरचा तुमच्या उघड्या दरवाज्यावर किती मारू शकतो ते मोजत असणार. मोजणी अवघड असेल तिथं जास्त थांबल्यात."

सुकुमार पाटीकडे बघत राहिला. आकडे त्याला वाचता येत होते.

"आणि आता?" त्यानं विचारलं.

"आता तुम्ही एकेका पानाला वीस सेकंद घेता. तोफ टाकत नाही. तुम्हीही बुरूज धरून बसता. दोघंही राखणीला आणि हल्ल्याला कुणीच नाही. मग समोरचा दोन-दोन चिरे काढत जिंकतो."

"मी सांभाळून खेळत हुतो," सुकुमार म्हणाला. "तिचा गड पडू नये म्हणून."

ओवीनं पाटी मांडीवर पालथी ठेवली.

"म्हंजे बिघाड माझ्यात हाय."

"बिघाड नाही म्हणणार मी, काका."

"जॉबरला शिकवू नगंस, पोरी. दोन भागातला जो बदलला, त्यातच बिघाड."

जाताना दारात ती थांबली. "शिकती करून देऊ का? आठवडाभरात तुमच्या आताच्या खेळाशी जुळवून घेईल."

"मग ती राजमती राहील?"

"जिंकायला लागेल," ओवी म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली.

सुकुमार तसाच उठून हॉलवर गेला. दुपारची वेळ, हॉल रिकामा. इम्तियाज खोक्यांच्या काचा पुसत होता. इम्तियाजनं स्वतःचे माग घ्यायच्या आधी दोघं एका शेडमध्ये पंधरा वर्षं होते. एकानं माग चालवला, दुसऱ्यानं दुरुस्त केला.

"इम्त्या, मी हल्ला करायचो तवा राजमती मागनं राखायची, हे तुला म्हाईत हुतं?"

इम्तियाजचं फडकं थांबलं. "कुणी सांगितलं?"

"म्हंजे म्हाईत हुतं."

"आरं, सगळ्या हॉलला म्हाईत हुतं. तू सोडून."

"मग बोलला का न्हाईस?"

"वहिनीनं शपथ घातलेली. मी एकदा म्हटलं, वहिनी, ह्यो लेकाचा छाती काढून हिंडतोय आन् डाव काढताय तुमी. तर म्हणाल्या, दिवसभर मालक बोलतोय, मुकादम बोलतोय. इथं तरी त्यास्नी जिंकल्यागत वाटू दे."

सुकुमार एका खुर्चीत बसला.

"मी तिला भित्री म्हणायचो, इम्त्या. रस्त्यानं."

"ऐकलंय मी. आख्ख्या रस्त्यानं ऐकलंय." इम्तियाजनं फडकं खांद्यावर टाकलं. "आता ते जाऊ दे. रविवारचं बघ. तिला तोफ पायजे तर तोफ दे. पयल्यासारखा आडदांड खेळ. तुला काय अवघड हाय? जन्मभर तेच केलंस."

अवघड होतं.

रविवारी समोर विट्याची जोडी होती, भाऊ आणि बहीण. ती तिकडे त्यांच्या हॉलमध्ये, सुकुमार इकडे. चाळीस-पन्नास माणसं मोठ्या पडद्यासमोर जमली होती. तीन डाव, दोन जिंकेल तो जिंकला. सुकुमार आपल्या खोक्यात बसला. शेजारचं खोकं रिकामं होतं, तिथला पडदा नुसता चालू होता.

पहिल्या डावात मार बसल्यावर त्यानं ठरवल्याप्रमाणे तोफ टाकली. पण ठरवून टाकली. टाकण्याआधी हातातली पानं बघितली, दरवाजा उघडा पडेल याचा विचार केला, मग मन घट्ट केलं आणि टाकली. नऊ सेकंद गेले. तेवढ्यात राजमतीच्या छायेनं आपला बुरूज दुसरीकडेच खर्च करून टाकला होता. तिच्या लेखी पलीकडचा माणूस नऊ सेकंद थांबला म्हणजे त्याचं काही वेगळं चाललं असणार. उघड्या दरवाज्यावर विट्याच्या बहिणीनं दुप्पट मार केला आणि डाव दहा फेऱ्यांत संपला.

मधल्या वेळात इम्तियाज खोक्याच्या दारात आला. "काय चाललंय? नवरी मुलगी पोहे आणती तशी तोफ आणायलाईस. हाण की लेका."

"राग येत न्हाई, इम्त्या."

"मग आण. मालक आठव. मुकादम आठव. माझा आठव, मी तुझे दोनशे रुपये बुडवल्यात."

सुकुमारला हसू आलं, राग आला नाही.

दुसरा डाव सुरू झाला. पाच फेऱ्यांत त्यांच्या गडाचे चौदा चिरे गेले. विट्याच्या भावानं पडद्यावर झोपलेल्या माणसाचं चित्र पाठवलं. त्याचंही सुकुमारला काही वाटलं नाही. पाळी राजमतीची होती. एक सेकंद, दोन, तीन. काहीच पडेना. चार. समोरचा दरवाजा उघडा होता, सुकुमारला तो दिसत होता. पाच. हा नेहमीचाच थांबा होता. दोन वर्षं तो या थांब्याची वाट बघत आला होता, तेवढ्यासाठीच रविवार काढत होता. सहा. आणि त्याची मूठ आपोआप उठली आणि प्लायवूडवर आदळली.

"राजमती! झोपलीस काय? टाक की!"

हॉल हसला नाही. पन्नास माणसं एकदम गप्प झाली. कुणीतरी खुर्ची सरकवली तेवढा आवाज.

पलीकडून पान पडलं. साधं पान, राखणीचं. सुकुमारच्या कानशिलात रक्त चढलं होतं. लाज होती की राग, त्याला कळत नव्हतं, पण हात गरम झाले होते. विट्यानं मार केला आणि त्यानं दीड सेकंदात तोफ टाकली. दरवाजा उघडा. बहिणीनं घोडदळाचं पान सोडलं, आणि मधेच पलीकडून बुरूज पडला. पुढच्या फेरीला पुन्हा तोफ, पुन्हा बुरूज. त्याचा हात तुटून पडत होता आणि मागून प्रत्येक वेळी, बरोबर वेळेवर, ती आडवी येत होती. चार फेऱ्यांत विट्याचा गड पडला. दोन वर्षांत ते असे खेळले नव्हते.

बाहेर टाळ्या झाल्या. एकानं शिट्टी मारली. "आली, आली, मगदूमची तोफ आली!"

सुकुमार पडद्याकडे बघत बसला. मुठीचं कातडं सोलवटलं होतं. हा सगळा डाव त्यानं एकदा, पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून बघितला होता. आपण काय करतो आणि ती काय करते, हे त्याला फेरीफेरीला दिसलं होतं. चारशे डाव असेच झाले होते, आणि त्यानंतरच्या चारशे रस्त्यांनी तो तिला भित्री म्हणत घरी गेला होता.

आता तिसरा डाव. असाच खेळला तर जिंकणार, यात शंका नव्हती. गट तीन महिन्यांनी पुन्हा ठरणार, तोवर ती राहणार. तीन महिन्यांचे बारा-तेरा रविवार. आणि दर रविवारी त्यानं प्लायवूडवर मूठ मारायची, तिच्यावर ओरडायचं, आंधळ्यासारखं तुटून पडायचं आणि तिनं निस्तरायचं. ती जशी होती तशी हवी असेल तर त्यालाही जसा होता तसंच राहावं लागणार होतं. त्याच्याशिवाय ती नव्हतीच.

पानं वाटली गेली. त्याच्या हातात दोन तोफा आल्या आणि तीन बुरूज.

पहिला मार आला. सुकुमारनं एका सेकंदात बुरूज टाकला. पलीकडे मोजणी सुरू व्हायच्या आत. दुसरा मार आला, त्यानं दुसरा टाकला. तोफांना हात लावला नाही. बाहेर कुजबुज झाली. "ह्यो काय करतोय?" "चुकून पडलं असंल." इम्तियाजचा आवाज आला, "सुक्या! तोफ!" पंचानं त्याला गप्प केलं.

सुकुमारला वाटत होतं, आता तरी ती बघेल. मागं कुणीतरी आहे हे तिला दिसेल आणि एकदा, एकदाच, मोकळ्या हातानं हल्ल्याला निघेल. दरवाजा तो राखणार होता. तेवढ्यासाठीच तो बसला होता. तो मुद्दाम पटापट पानं टाकत होता, म्हणजे तिनं घाबरू नये.

पण पटापट पडणारी पानं तिला एकच गोष्ट सांगत होती. तो उसळलाय, आता तोफ येणार. ती राखून बसली. दर फेरीला ती साधी पानं टाकत होती आणि दर मारावर पाच-सहा सेकंद थांबत होती. गोठवलेली होती ती. तिला नवीन काही कळणं बंदच केलेलं होतं, आणि त्या कागदावर सही त्याचीच होती.

विट्याची भावंडं दोन-दोन चिरे काढत राहिली. वीस, अठरा, सोळा. त्यांच्याकडून आता चित्रंही येत नव्हती. डाव लांबला. सहा. दोन. सुकुमारकडे अजून एक बुरूज होता. तो त्यानं टाकला, आणि पुढच्या फेरीला गड पडला.

डाव संपला की चौघांचीही पानं पडद्यावर उघडी होतात. सुकुमारच्या हातात दोन तोफा. शेजारी राजमतीचा हात, दोन बुरूज आणि एक तोफ.

पडद्यावर प्रश्न आला. आपली जोडी ब गटात गेली आहे. छाया शिकती करायची का? खाली दोन चौकोन. सुकुमारनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, प्रश्न पुन्हा वाचला, आणि 'नको'वर बोट ठेवलं. शेजारच्या खोक्यातला उजेड गेला.

हॉल रिकामा व्हायला लागला. लोक त्याच्याकडे न बघता चपला शोधत होते. सगळे गेल्यावर इम्तियाज आला आणि खोक्याच्या पायरीवर बसला.

"जिंकत हुतास की रं."

"व्हय."

"दुसऱ्या डावासारखा खेळला असतास तर..."

"तसं खेळायचं म्हंजे तिच्यावर वरडाय लागतंय. दर रविवारी."

इम्तियाजनं चपलेतला खडा झटकला. "मग ह्या डावात काय करत हुतास?"

"म्हटलं, एक डाव मी राखतो. तिला जरा निवांत बसू दे."

"बसली?"

"कुठली," सुकुमार म्हणाला. "पलीकडं कोणतरी राखतंय, हे तिला म्हाईतच न्हवतं."